मागे राहणाऱ्याची किल्ली
थोरल्याची श्रद्धा होती की जगाच्या अंती येणाऱ्या महासंकटाआधी प्रभू येशू विश्वासणाऱ्यांना अलगद वर उचलून नेईल. धाकटा म्हणायचा, "कोणी कुठे जात नाही, दादा. संकट सगळ्यांना इथेच सोसायचंय." एकदा थोरल्याने हसत घराची जादा किल्लीच त्याच्या हातावर ठेवली. "मी वर गेलो की तू येऊन राहा. पिठाचे डबे भरलेत." एका सकाळी दार ठोठावूनही उत्तर येईना, तेव्हा धाकट्याने ती किल्ली वापरली. गॅसवर दूध उतू जात होतं. उघड्या बायबलवर चष्मा, खुर्चीखाली चपला; दादा दिसेना. धाकट्याने खिडकीतून वर आभाळाकडे पाहिलं. दादाच खरा ठरला, आपण राहिलो. मग न्हाणीघरात थोरला पडलेला दिसला. श्वास नव्हता. आणि धाकट्याचा जीव भांड्यात पडला. दफनानंतर त्याने किल्ली पुतणीपुढे धरली. तिने त्याची मूठ मिटली. "असू द्या, काका. बाबा म्हणायचे, मागे तुम्हीच राहणार."