दुसरी ओळ

भिंगारच्या झुंबरबाई जात्यावर दळता दळता ओवी गात होत्या आणि नात सृष्टी ऐकून लॅपटॉपवर सुरांची अक्षरं टाइप करीत होती. सॉफ्टवेअर फुकटातलं, अक्षरं टाकली की गाण्याचा, सुरांचा छापील कागद तयार व्हायचा. तो कागद कॉलेजात लागणार होता.

“वर माझंच नाव टाक,” झुंबरबाईंनी ठणकावलं. “ओव्या माझ्या. समोर बसून खुंट्याला हात लावाया कुनीबी नव्हतं.”

कागद स्क्रीनवर उमटला. त्यात सुरांच्या दोन ओळी होत्या, म्हणजे गाणाऱ्या दोघी.

“आजी, ही दुसरी ओळ मी टाकलीच न्हाई.”

सृष्टीनं सगळं पुसून पुन्हा टाइप केलं. दुसरी ओळ पुन्हा आली. मग तिनं ती वाजवली.

चाल मध्येच दोन मात्रा गप्प राहिली आणि पुढं गेली. झुंबरबाईंची थोरली जाऊ साळूबाई जात्याच्या खुंट्यावरचा हात बदलताना नेमकी तिथंच थांबायची. तिला जाऊन वीस वर्षं झाली होती. ओव्या तिच्या होत्या.

“मशिनीला काय अक्कल! माझंच नाव टाक म्हनते ना,” असं म्हणून झुंबरबाईंनी तोऱ्यात खुंटा ओढला.

जातं एकदम हलकं लागलं. दोघींनी ओढल्यावर लागायचं, तसं.