रस्त्यापलीकडचा पर्यटक

नारिंगी स्टिकरवर नाव लिहून झालं, पण तो म्हाताऱ्याच्या कोटावर चिकटवता चिकटवता रेकाचा हात थांबला.

"काका, तुम्ही इथलेच दिसताय."

"मग? बुडापेस्टच्या माणसाला बुडापेस्टमध्ये बंदी आहे की काय?"

"तसं नाही हो. पण ही सहल परदेशी पाहुण्यांसाठी असते. चार बार, प्रत्येक ठिकाणी एक ग्लास, आणि मधून मधून माझी बडबड."

"बडबडीची सवय आहे मला, जन्मभर ट्राम चालवली," काल्मान म्हणाला. "तिसऱ्या ठिकाणी ओदोनकडे नेतेस ना? तेवढं चुकवू नकोस म्हणजे झालं."

रेकाने खांदे उडवले आणि स्टिकर लावून टाकला.

ओदोनचा बार काल्मानच्या खिडकीसमोरच होता. रस्ता ओलांडला की झालं. पण गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी काल्मानने भर बारमध्ये गर्जना केली होती, "या उंबऱ्यावर मी पुन्हा पाय ठेवणार नाही. इथे आता पर्यटकांनीच यावं!" एवढं बोलून बसल्यावर माघार कशी घेणार? तेव्हापासून तो पडद्याआडून समोर बघत एकट्याने बिअर प्यायचा आणि ती त्याला बेचव लागायची. त्यात मागच्या आठवड्यात ओदोनचं शटर काही दिवस उघडलंच नाही. जाऊन विचारायची सोय नव्हती. काल्मान मनातून पार घाबरून गेला. शटर पुन्हा वर गेलेलं दिसलं, त्याच दिवशी त्याने नातीला सांगून या सहलीत नाव घातलं.

पहिल्या बारमध्ये रेकाने सगळ्यांना दम भरला.

"बिअरचे ग्लास एकमेकांवर वाजवायचे नाहीत. म्हणतात की १८४९ मध्ये ऑस्ट्रियावाल्यांनी आमच्या तेरा सेनापतींना मारलं आणि बिअरचे ग्लास वाजवून आनंद केला. तेव्हा आमच्या लोकांनी शपथ घेतली, दीडशे वर्षं बिअरचा ग्लास वाजवायचा नाही."

"दीडशे वर्षं तर केव्हाच उलटली की!" घोळक्यातला एक दांडगा स्कॉटिश तरुण म्हणाला.

"म्हणून काही जण आता खुशाल वाजवतात. आणि काही जण त्यावरून अजून भांडतात."

सगळे हसले. काल्मान आपल्या ग्लासातल्या फेसाकडे बघत राहिला. भांडण नेमकं यावरूनच झालं होतं. ओदोनने पर्यटकांबरोबर बिअरचा ग्लास वाजवला, काल्मानने आपल्या आजोबांनी जन्मभर पाळलेल्या शपथेवरून त्याला चारचौघांत सुनावलं. ओदोन म्हणाला, मुदत संपली. काल्मान म्हणाला, लाजेला मुदत नसते. वाक्य ठसकेबाज होतं, पण पुढे ते फार महागात पडलं.

दुसऱ्या बारमध्ये चरबी लावलेला पाव आणि कच्चा कांदा आला. काल्मानला तो मनापासून खाताना बघून स्कॉटिश तरुणाने रेकाच्या कानात काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" काल्मानने विचारलं.

"विचारतोय, हे काका सहलीच्या पैशांतच धरलेत का?"

"सांग त्याला, फक्त आजच्या दिवस."

तिसऱ्या दाराशी मात्र काल्मानचे पाय अडले. शब्द, अभिमान, आजोबा, सगळं एकदम आठवलं. मागून त्या दांडग्याने प्रेमाने एक धक्का दिला आणि उंबरा आपोआप ओलांडला गेला.

ओदोन काउंटरमागे ग्लास पुसत होता. त्याची नजर घोळक्यावरून फिरत नारिंगी स्टिकरवर आली. शाळेपासून पाठ असलेलं नाव त्याने सावकाश वाचून काढलं.

"पाहुणे कुठून आलात?"

"लांबून," काल्मान म्हणाला. "रस्ता ओलांडता ओलांडता हिवाळा गेला."

ओदोनने दोन बिअर भरल्या, एक पाहुण्याला आणि एक स्वतःला. काल्मानने मनातल्या मनात आजोबांची माफी मागितली. मग त्याने ग्लास उचलला आणि ओदोनच्या ग्लासावर वाजवायला पुढे केला, आयुष्यात पहिल्यांदा.

ओदोनने आपला ग्लास झटकन मागे घेतला.

"आमच्यात बिअरचे ग्लास वाजवत नाहीत, पाहुणे. गाईडबाईंनी सांगितलं नाही वाटतं?"

"मी सांगितलं होतं!" रेका कळवळून म्हणाली.

काल्मानला एकाच वेळी हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्याने मोठा घोट घेऊन दोन्ही लपवलं.

"शटर का पाडलं होतंस रे?"

"दाढा काढल्या. तीन."

"दाढा! आणि इकडे माझा जीव टांगणीला."

"मग यायचं होतंस विचारायला."

"कसा येणार, गाढवा?"

"हो, तेही खरंच," ओदोन म्हणाला. त्याने काउंटरखालून आलुबुखाराच्या दारूची बाटली आणि दोन चिमुकले ग्लास काढले. "हिला मात्र शपथ लागू नाही."

ते दोन ग्लास असे वाजले की अख्ख्या घोळक्याने टाळ्या पिटल्या. थोड्या वेळाने रेकाने हाक दिली, "चला मंडळी, चौथा बार!" सगळे निघाले. काल्मान आपल्या जुन्या स्टुलावरून हलला नाही.

"उद्या येशील ना?" ओदोनने विचारलं.

"कसा येऊ? भर बारमध्ये बोलून बसलोय. इथे पर्यटकांनीच यायचं."

काल्मानच्या कोटावरचा स्टिकर एका कोपऱ्याने सुटत आला होता. ओदोनने काउंटरवरून हात लांबवला आणि तो अंगठ्याने नीट दाबून बसवला.

"कोट बदलू नकोस."