डावा गाल

समरीनने आरतीचा चेहरा उजेडाकडे वळवला. उजवा गाल नितळ होता. डाव्या गालावर मात्र कानापासून हनुवटीपर्यंत काळपट लाल चट्टा पसरला होता. मधले फोड फुटून कातडी सोलवटली होती.

“हे कशानं झालं, वहिनी?”

“भजी तळताना तेल उडलं,” आरती म्हणाली.

सुदर्शन बायकोच्या मागे उभा होता. येडगावातल्या या घरामागच्या पोल्ट्रीच्या रिकाम्या शेडमध्ये तो बावचीच्या बियांचा अर्क काढायचा. पुण्याच्या एका कंपनीला तो चेहऱ्याच्या क्रीमसाठी हवा होता. अर्क कातडीला मानवतो का, हे बघायला कंपनीने समरीनला पाठवलं होतं. ती शेजारच्या जुन्नरचीच, म्हणून सुदर्शनला धीर आला होता. आपल्याकडचं माणूस, सांभाळून घेईल.

“तेलाचे ठिपके पडतात, भाऊ. हा बोटांनी सारवल्यासारखा डाग आहे. मी कोपराच्या आत थेंबभर लावायला सांगितलं होतं. आणि लावून उन्हात जायचं नाही, बावचीनं कातडी भाजते, हेही.”

“हाताचा फोटो कंपनीत कोण बघतं, मॅडम? म्हणून गालालाच लावला. पण उजव्या. कसा चकाकतोय बघा की! डाव्याला अर्काचा थेंब लागला नाय.”

समरीनने आरतीकडे पाहिलं. आरतीने खाली बघत होकारार्थी मान हलवली.

समरीनचा पारा चढला. “असं? मग आत्ता माझ्यासमोर उजव्या गालाला लावा आणि वहिनींना बसवा अंगणात. काही झालं नाही, तर पास म्हणून कळवते.”

आता हा गडबडेल, खरं बोलेल, अशी तिची खात्री होती.

सुदर्शनने प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि भर उन्हात नेऊन ठेवली. आतून बाटली आणली. आरती मुकाट्याने जाऊन खुर्चीत बसली. केस कानामागे सारून तिने नितळ गाल वर केला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

सुदर्शनने बूच काढलं.

“अहो, थांबा!” समरीनने धावत जाऊन त्याचं मनगट धरलं. “बास झालं. नापास आहे तुमचा अर्क. वहिनी, उठा. माझी गाडी आहे, आपण नारायणगावला डॉक्टरकडे जाऊ.”

आरतीने डोळे उघडले नाहीत.

“लावू द्या, ताई,” ती म्हणाली. “ह्यांचं लई नुकसान व्हईल.”

सुदर्शनने मनगट सोडवून घेतलं. एक थेंबही सांडू न देता बूच घट्ट बसवलं, बाटली खिशात टाकली. मग तो बायकोकडे वळला.

“ऊठ,” तो म्हणाला. “तुला साधं खोटंसुदीक नीट बोलता येत नाय.”