परतीचा बार

"काडतुसांत काटकसर चालणार नाही!" काकांनी टेबलावर अशी थाप मारली, की खजिनदारांच्या कपातला चहा बशीत सांडला.

धावण्याच्या शर्यती भरवणाऱ्या त्या संघटनेत गेली चाळीस वर्षं शर्यत सोडायचं पिस्तूल काकांच्याच हातात होतं. सगळे त्यांना बारवाले काका म्हणत. नव्या माणसाला ते ऐकून भलतीच शंका येई.

चिटणीस बाईंनी शांतपणे फाइल उघडली. "काका, भाव दोन वर्षांत तिप्पट झालाय. पाण्याचे पेले, छातीवरचे नंबर, सगळंच महागलंय. मी पदकं पातळ केली, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

"पदक पातळ झालं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. परतीचा बार वाजला नाही, तर एखाद्या पोरीचं वर्ष जातं, बाई!"

पहिल्या बाराला शर्यत सुटते. कुणी त्याआधीच पळत सुटलं, तर लगेच दुसरा बार उडवून सगळ्यांना माघारी बोलवायचं. तो परतीचा बार. काकांच्या लेखी खेळातला सगळा न्याय त्या दुसऱ्या बारात होता. आणि ही माणसं कुठल्या तरी नव्या कारखान्याची स्वस्त काडतुसं आणून मोकळी झाली होती!

बाईंनी त्यांना मागच्या अंगणात नेलं आणि खोक्यातली हवी ती दहा काडतुसं उडवून बघायला सांगितली. काकांनी निवडून निवडून दहा घेतली. दहाही वाजली.

"दहा वाजली म्हणून अकरावं वाजेल, याची हमी कोण देणार?"

"मग टाळी वाजवून सोडा शर्यत," खजिनदार म्हणाले. "टाळीचा भाव अजून वाढलेला नाही."

सगळी कार्यकारिणी खदखदून हसली. बाईसुद्धा हसल्या. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं उन्हात उभं राहायचं, ते काय या लोकांच्या चेष्टेसाठी?

"एक दिवस नाक कापलं जाईल तुमचं," ते म्हणाले. "तेव्हा माझी आठवण येईल."

स्पर्धा तीन दिवसांची होती. पहिले दोन दिवस सगळे बार बिनबोभाट वाजले. संध्याकाळी खजिनदार मुद्दाम वाकडी वाट करून यायचे आणि विचारायचे, "काय काका, वाजली का सगळी?" आजूबाजूचे चार जण फिदीफिदी हसायचे. काका दातओठ खात पिस्तूल पुसत बसायचे.

तिसऱ्या दिवशी समारोपाला मुलींची शंभर मीटरची अंतिम शर्यत होती. चौथ्या पट्टीत काकांची नात उभी होती. या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष, आणि पुढच्या मोठ्या स्पर्धेला पहिली येणारी एकटीच जाणार होती. संघटनेकडे शर्यत सोडणारं दुसरं कुणी नव्हतं. पण काका नातीला झुकतं माप देतील अशी शंका कुणाच्या मनाला शिवली नाही. गेल्याच वर्षी आधी पळाली म्हणून त्यांनी तिला बाहेर काढलं होतं, आणि घरी ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

पहिला बार वाजला. पण पाचव्या पट्टीतली मुलगी त्याआधीच निघाली होती. अख्ख्या मैदानाने ते पाहिलं.

काकांचा हात वरच होता. मैदान दुसऱ्या बाराची वाट बघत राहिलं. नात तर दोन पावलांवरच थबकली. आजोबा माघारी बोलावणार, याची तिला खात्रीच होती.

बार वाजला नाही.

ती पुन्हा जीव तोडून धावली, पण सगळ्यांच्या मागे पडली. पाचव्या पट्टीतली मुलगी पहिली आली. पंचांनी नियमावर बोट ठेवलं. परतीचा बार झाला नाही, म्हणजे शर्यत ग्राह्य.

"पाहिलंत?" काका गरजले. "घसा फोडून सांगत होतो! ही माझी नात आहे. हिचं वर्ष आता कोण परत देणार? तुम्ही?"

पालक उठून मैदानात आले. एका बापाने बाईंच्या हातातली फाइल हिसकावून भिरकावून दिली. पोरींच्या घामावर पैसे वाचवता, लाज नाही वाटत? बाई रडकुंडीला येऊन म्हणत होत्या, "अहो, मी खात्री करून घेतली होती..." पण ऐकतो कोण! खजिनदारांना तोंड लपवायला जागा उरली नाही. कुणी तरी पिस्तूल बघायला हात पुढे केला, तशी काकांनी ते झटकन पेटीत ठेवलं. "हात लावू नका. फुसकं काडतूस केव्हाही उडतं."

बाईंनी तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला. अध्यक्षांनी माइकवरून काकांची जाहीर माफी मागितली आणि पुढच्या स्पर्धेपासून जुनीच काडतुसं येतील, असं सांगितलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. काकांचे डोळे भरून आले. नातीसाठी आले असतील, असं सगळ्यांना वाटलं.

आजोबा आणि नात चालत घरी निघाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"आजोबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही आधीच सांगत होता. त्यांनीच ऐकलं नाही."

काकांना तिच्याकडे बघवेना. गल्लीच्या तोंडाशी, गोदामाच्या पडक्या भिंतीजवळ ते थांबले.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मला पिस्तूल रिकामं करायचंय."

ती वळणाआड गेली. काकांनी हात वर केला आणि दुसऱ्या बारासाठी त्या दिवशी पहिल्यांदाच चाप ओढला. काडतूस खणखणीत वाजलं.