पाच मिनिटं

घर सांभाळायला आलेल्या मावशी कामांची यादी वाचता वाचता शेवटच्या ओळीवर अडल्या. रोज संध्याकाळी सात वाजता दिवा लावून, आईची शाल पांघरून स्वयंपाकघराच्या खिडकीत पाच मिनिटं उभं राहायचं.

"झाडांना पाणी घालीन, मांजराचं बघीन. पण हे सोंग कुठल्या कामात बसतं? आधीच स्पष्ट झालेलं बरं."

घरच्या मुलाने समोरच्या हॉस्पिटलकडे बोट दाखवलं. "तिसऱ्या मजल्यावर बाबा आहेत. आई तापामुळे येत नाही, एवढंच त्यांना माहीत आहे. ती गेली, हे ऑपरेशन होईपर्यंत सांगायचं नाहीये."

मावशींनी शाल घेतली. पुढचे नऊ दिवस त्या घड्याळ लावून, खांबासारख्या उभ्या राहिल्या.

दहाव्या दिवशी मुलगा आला. ऑपरेशन नीट पार पडलं होतं.

"मावशी, आजपासून खिडकीत उभं राहू नका."

"सांगितलं त्यांना?"

"सांगायलाच गेलो होतो. तर तेच म्हणाले, 'मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. त्या बाईंना म्हणावं, बसा आता. तुझी आई जन्मात कधी पाच मिनिटं एका जागी उभी राहिली नाही.'"