टेबलावरचं दप्तर

आमच्या कंपनीला लहान मुलांची दप्तरं शिवून देणारे काका भाव वाढवून मागायला आले. साहेबांनी शिकवल्याप्रमाणे मी त्यांना तासभर बाहेर बसवलं, मग आत बोलावून टेबलावर एक दप्तर ठेवलं.

"हे दुसरीकडचं आहे. तुमच्यापेक्षा स्वस्त देतायत. आता मी काय करू, सांगा."

काकांनी चष्मा सारखा केला. चेन ओढून पाहिली, आतली शिवण चाचपली. खांद्याच्या पट्ट्यापाशी त्यांचा अंगठा थांबला.

"काम चोख आहे," ते म्हणाले. "आमची ही पण पट्ट्याला अशीच तीनदा टीप मारते. पोरं दप्तर ओढतात, फरफटवतात, पण पट्टा तुटला म्हणून तुमच्याकडे कधी एक तरी दप्तर परत आलंय का?"

"नाही. पण भावाचं काय, काका?"

"जुन्याच भावात देतो. तुमच्याशिवाय मला गिऱ्हाईक आहे कोण?"

सही करून ते उठले. दप्तराच्या पाठीला एक तुटका दोरा लोंबत होता. तो त्यांनी चिमटीत धरून अलगद काढला आणि खिशात टाकला.

"ही माणसं सोडू नका, ताई. हात चांगला आहे त्यांचा."

ते दाराबाहेर गेले तरी मला मान वर करवेना. आदल्या संध्याकाळी लेकीला मांडीवर घेऊन मी त्याच दप्तरावरचं काकांच्या कारखान्याचं लेबल उसवलं होतं. तो दोरा त्यातलाच राहिला होता.