टाकी असलेलं गाव

साहेबांनी टाकीचा फोटो काढला तेव्हा शकुनबाईला बरं वाटलं. टाकी देखणी दिसत होती. अमरावतीहून साहेब येणार म्हणून सरपंच रागिणीनं परवाच तिला पांढरा रंग मारून घेतला होता. भोवतालची काटेरी झुडपं तोडली होती. बायांनी सकाळी सडा घातला होता, रांगोळी काढली होती. मोठं माणूस येणार म्हटलं की गाव आवरायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेब तरुण होते. सकाळपासून गावंच पाहत होते. बुटांना काळी माती चिकटली होती. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मोबाइलवर बोट फिरवलं, पुन्हा टाकीकडे पाहिलं.

"टाकी सुस्थितीत आहे," ते म्हणाले.

"हो साहेब," रागिणी कौतुकानं म्हणाली.

"मग नवीन पाणीयोजना तुमच्या गावाला मिळणार नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. हेच त्यांनी मागच्या गावात सांगितलं असणार, आणि त्याच्या मागच्याही. एकेका गावात तीन-तीन खात्यांनी टाक्या बांधल्या, पैसा वाया गेला. आता दुबार खर्च बंद. एक टाकी उभी असली की दुसरी योजना नाही.

"पण साहेब, टाकीत पाणी कुठी हाये?" रागिणी म्हणाली. "रस्ता रुंद करताना पाइप उखडला. रस्तेवाले म्हणतात पाणीवाले जोडतीन. पाणीवाले म्हणतात रस्तेवाल्यायनं तोडला, त्यायनंच जोडावा. तवापासून कोरडी हाये."

"ते दुरुस्तीत येतं. दुरुस्ती माझ्याकडे नाही."

"म्हंजे चुलीवर हांडी दिसली का सालन शिजलं समजाचं!" ओट्यावरून शेजारची हलीमाबी बोलली.

साहेब हसले नाहीत. त्यांनी पाणी मागितलं.

शकुनबाई घरात गेली. माठात बोरचं पाणी होतं, खारं. कोपऱ्यात दर्यापूरहून आणलेला कॅन होता, तो एकट्या नितेशचा, तिच्या लेकाचा. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, मूत्रपिंडं निम्मी गेलीत, यापुढे याला बोरचा थेंब पाजू नका. खाटेवर नितेश भिंतीकडे तोंड करून पडला होता. पाय सुजून गुळगुळीत झाले होते. शकुनबाईनं कॅनची तोटी उघडून पेला भरला.

"पोराच्या वाट्याचं हाये ना वो ते?" हलीमाबी दारातून हळूच म्हणाली.

"पाहुना हाये."

साहेबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. अर्धा पेला प्यायले आणि उरलेलं पाणी न सांडता पेला तिच्या हाती परत दिला.

शकुनबाई पेला धरून तिथंच उभी राहिली. ही टाकी बांधली तेव्हा ती आणि हलीमाबी, दोघी तिशीच्या आतल्या. पाऊस नव्हता, काम निघालं होतं, दोघी चुंबळीवर घमेली वाहायच्या. नळाला पहिल्यांदा पाणी आलं त्या दिवशी तुरीची डाळ एका उकळीत शिजली होती. लोण्यासारखी. नितेश तेव्हा रांगत होता. नळाखाली बसून त्यानं तोंड वर केलं होतं आणि उठायला तयार नव्हता.

"साहेब," ती म्हणाली, "टाकी नसती तं?"

"तर तुमचं गाव योजनेत घेता आलं असतं. घ्यावंच लागलं असतं."

"मंग पाडून टाकतो आमी."

"सरकारी मालमत्ता आहे, आजी. हात लावाल तर गुन्हा दाखल होईल."

"आन् आपोआप पडली तं?"

साहेबांनी मान वर करून टाकीकडे पाहिलं. जवळ गेले. एका खांबावर थाप मारली, मग वाकून पायथा पाहिला. कुठं भेग नव्हती. तळव्याला लागलेला चुना त्यांनी रुमालाला पुसला.

"नाही पडणार," ते म्हणाले. "जुनं काम आहे. पक्कं आहे."

रागिणी त्यांच्या मागं मागं जीपपर्यंत गेली. काही बोलत होती. साहेब मान हलवत होते, होकाराची की नकाराची ते इथून कळत नव्हतं. जीप गेली. रांगोळीवरून चाकांचे दोन पट्टे उमटले.

दोघी म्हाताऱ्या टाकीच्या सावलीत बसल्या. खांबाला पाठ टेकून हलीमाबी म्हणाली,

"शकुन, तो ठेकेदार सिमेट खाऊन राह्यला होता. याद हाये का? आपुनच भांडलो होतो त्याच्याशी."

"हो."

"तू तं त्याच्या अंगावर घमेलं फेकलं होतं."

शकुनबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. घरातून नितेशनं खोकत हाक मारली. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"खाऊ द्याले पाह्यजे होतं त्याले," ती म्हणाली.